कुंपण कोणाचे, वाट कोणाची?

(मुरुड, जि. लातूर येथील भाषणाचा सारांश)



कुंपण ही आपल्या भागाला नवी गोष्ट नव्हे. बाभळीच्या काट्यांचे, निवडुंगाचे, घायपाताचे कुंपण आपल्या आजोबांच्या काळीही होते. परंतु त्यात होले घरटी करीत, मुंगूस राही. आणि सुगी सरली की काट्या बाजूला सारून शेत मेंढरांना मोकळे होई. मेंढपाळ कळप बसवी, शेतकऱ्याला खत मिळे. आजची तार बारमाही आहे.

रात्र रात्र जागणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला प्राणिप्रेमाचा उपदेश मी करणार नाही. रानडुकरे ज्वारी लोळवतात, हरणे कोवळे सोयाबीन खुडतात, हे खरेच आहे. पण ही डुकरे राहतात कोठे? बागायतदाराच्या दाट उसात. आणि जेवायला येतात कोरडवाहूच्या शेतात! ज्याची ऐपत आहे तो कुंपण घालतो. त्याने कळप नाहीसा होत नाही, शेजारच्या उघड्या शेतात शिरतो. मग तो शेजारी निरुपायाने वीजवाहिनीवर आकडा टाकून तार सोडतो. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. या तारेतून सलग वीज वाहते. तिला चिकटून हरीण मरते, तसाच रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेला सालगडीही मरतो. गुन्हा नोंदला जातो तो त्या हतबल शेतकऱ्यावर.

आजच्या बोट्स्वानात गुरांची लाळ-खुरकूत रोखण्यासाठी १९५८ साली कुके येथे शेकडो किलोमीटर कुंपण उभारले गेले. पुढच्या दुष्काळांत पाण्याकडे निघालेली हजारो रानजनावरे तारेपाशी तहानेने मेली. तिथल्या भटक्या शिकारी जमातींचेही अन्न त्यांबरोबर गेले.

आता कुंपण गायरानावर येत आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानांसह शासकीय जमिनींवर सौर प्रकल्प उभे राहत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवीच. रात्रीचे पाणी सुटले तर मघाचे मृत्यूही कमी होतील. तथापि गायरानाभोवती जाळी पडली की मेंढपाळाची वाट, काळविटाचा माळ आणि भूमिहीन दलिताचा घास एकदमच बंद होतो. याच पडीक जमिनींसाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली सत्याग्रह झाले, तुरुंग भरले. ती जमीन आता विनाचर्चा कुंपणात जावी काय?

आपली मागणी साधी आहे. एकेकट्या शेताच्या कुंपणाला अनुदान नको. गावच्या पिकाऊ शिवाराला मिळून एक कुंपण द्या, आणि त्यात कोरडवाहूचे शेत आधी धरा. गायरानाचा नकाशा ग्रामसभेपुढे मांडा. मेंढरांची, हरणांची आणि पाणवठ्याची वाट त्यावर आखून झाल्यावरच खांब रोवा.