ऊन वेगळे, उकाडा वेगळा
(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीपुढे आरोग्यावर व्याख्यान म्हटले की मधुमेह, रक्तदाब आणि गुडघे हे तीन विषय ठरलेले असतात. यंदा आम्ही ऊन हा विषय घेतला आहे. आम्ही म्हणजे लालबागेत सकाळी फिरायला येणारी मंडळी. आमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, गृहिणी आहेत आणि त्वचेचे व डोळ्यांचे डॉक्टरही आहेत. फिरता फिरता जी चर्चा झाली ती नीट मांडून तुमच्यापुढे ठेवत आहोत.

ऊन हा विषय इंदुरात काढला की पहिले उत्तर ठरलेले असते. "अहो, आपल्या माळव्यात कुठे नागपूरसारखे ऊन आहे?" हे काही खोटे नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, संध्याकाळी वारा सुटतो, रात्री गार होतात. शब-ए-माळवा हे कौतुक उगाच झालेले नाही. पण या गार हवेमुळेच आपली एक समजूत पक्की झाली आहे, की अंगाला चटका बसत नसेल तर उनाने काही बिघडत नाही. आज आम्हांला बोलायचे आहे ते या समजुतीबद्दल.

सूर्यापासून आपल्यापर्यंत तीन प्रकारचे किरण येतात. दिसतो तो प्रकाश, अंगाला जाणवते ती उष्णता, आणि तिसरे अतिनील किरण. हे तिसरे दिसत नाहीत आणि जाणवतही नाहीत. त्वचेचे आणि डोळ्यांचे बहुतेक नुकसान तेच करतात. उकाड्यावरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही. इंदूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला असल्यामुळे आपला खरा मध्यान्ह घड्याळात साधारण बारा पंचवीसला होतो. अतिनील किरण सर्वांत तीव्र असतात ते त्या सुमारास. सर्वांत जास्त उकडते मात्र तीन-चार वाजता, कारण जमीन तापायला वेळ लागतो. म्हणजे चार वाजता "केवढे हे ऊन!" म्हणून आपण घरात बसतो, तेव्हा अतिनील किरण बरेच ओसरलेले असतात. आणि अकरा वाजता छान वारा आहे म्हणून भाजी आणायला निघतो, तेव्हा ते चढत असतात.

आत्ताचे दिवसच पाहा. पाऊस पडून गेला आहे, हवा धुतलेली आहे, ढगांतून मधूनच लख्ख ऊन पडते. भाद्रपदातले हे ऊन आल्हाददायक वाटते, पण सूर्य अजून दुपारी जवळजवळ डोक्यावरच असतो. पातळ ढगांतून तर अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकतात. ढगाळ दिवशी सहलीला गेलेली मुले संध्याकाळी काळवंडून परत येतात, त्याचे कारण हेच.

मग न जाणवणारी गोष्ट ओळखायची कशी? त्यासाठी आपल्या शेजारी उज्जैनला जाऊ. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेल्या तिथल्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे. मध्ये एक उभा शंकू आणि त्याची पडणारी सावली, एवढेच ते यंत्र. सावलीच्या लांबीवरून सूर्य किती वर आहे ते कळते. आपण प्रत्येक जण असा चालता-बोलता शंकूच आहोत. नियम सोपा आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर अंग आणि डोळे झाकायचे. इंदुरात गणपतीच्या दिवसांत ही वेळ साधारण साडेनऊ ते सव्वातीन अशी येते. जूनमध्ये ती सव्वानऊ ते साडेतीन-पावणेचार अशी वाढते. कर्कवृत्त आपल्या जरासे उत्तरेला असल्याने ७ जून आणि ६ जुलैच्या आसपास सूर्य इंदुरात अगदी माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. उलट डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढी असते. ज्यांना आकडा हवा त्यांनी मोबाइलवर हवामानाबरोबर अतिनील निर्देशांक पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने ३ पासून काळजी घ्यायची, ८ पासून विशेष, आणि ११ म्हणजे पराकाष्ठा. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या निरभ्र दुपारी तो ११ च्या घरात जातो.

आता त्वचेबद्दल. घरातली पैठणी आपण कधी भर उन्हात वाळत घालतो का? सावलीत, तेही उलटी करून घालतो. कापड तापून जळेल अशी भीती नसते, रंग विटेल ही असते. जी काळजी पैठणीची, ती कातडीची का नसावी? अतिनील किरणांचे दोन प्रकार जमिनीपर्यंत पोचतात. बी प्रकारचे किरण वरच्या थरात भाजतात, त्वचा लाल होते, मग सोलते. ए प्रकारचे खोल जातात, त्वचेला ताठपणा देणारे तंतू हळूहळू मोडतात. सुरकुत्या आणि डाग यांत वयाइतकाच या किरणांचाही हात असतो. खिडकीची साधी काच बी किरणांना बरीचशी अडवते, ए किरणांना फारशी अडवत नाही. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यांचा उजवा हात आणि उजवा गाल डाव्यापेक्षा काळवंडलेला दिसतो तो यामुळे.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असते, ती आपली निसर्गदत्त छत्री आहे. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्यात त्वचेचा कर्करोग कमी होतो. पण कमी म्हणजे अजिबात नाही असे नव्हे. चेहरा, ओठ, कान अशा उघड्या जागी आठवडेच्या आठवडे न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे जास्त आढळतो तो वांग. गालांवर, कपाळावर तपकिरी डाग पडतात, विशेषतः बाळंतपणाच्या सुमारास, आणि ऊन लागले की ते गडद होतात. कोड असलेल्यांच्या पांढऱ्या डागांत तर ही छत्रीच नसते, तिथे त्वचा लगेच भाजते. त्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घातले की लोक लपवाछपवी समजतात. ती लपवाछपवी नाही, गरज आहे, हे आपण समजून घेतले पाहिजे.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो. उनापासून जपणे आणि गोरे होणे यांचा संबंध नाही. लग्नाच्या जाहिरातीतून "गोरी" हा शब्द अजून जात नाही, आणि त्याची किंमत मुली चेहऱ्याने मोजतात. दुकानातून कुणाच्या तरी सांगण्यावरून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. आठ-पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ येते, आणि ऊन तर मुळीच सोसत नाही. मलम सोडले की आणखी भडका उडतो, म्हणून सोडवत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असे मलम चेहऱ्याला लावू नका, घरातल्या मुलींनाही लावू देऊ नका. लिंबू चोळून उन्हात जाण्याचा घरगुती उपायही घातक आहे. लिंबाच्या रसातली काही द्रव्ये उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि काळे डाग पाडतात. मुलतानी माती, चंदन यांनी गार वाटते, पण अतिनील किरण अडत नाहीत. काही औषधांनीही ऊन बाधते. डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून घ्या.

मग करायचे काय? आधी सावली, मग कापड, आणि शेवटी क्रीम. छत्री फक्त पावसाची नसते. पुरुषांना उन्हात छत्री उघडायला संकोच वाटतो, तो सोडून द्यावा. पातळ पांढऱ्या मलमलीपेक्षा घट्ट विणीचे, जरा गडद कापड किरण जास्त अडवते. आपल्या शहरातल्या स्कूटीवरच्या मुली ओढणीने चेहरा गुंडाळून, लांब हातमोजे घालून निघतात. त्यांची थट्टा होते, पण मुली बरोबर आहेत. जे अंग उघडे राहते तिथे सनस्क्रीन लावा. एसपीएफ ३० असेल तर ते बी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० असेल तर सुमारे ९८ टक्के, तेव्हा मोठ्या आकड्यामागे जादा पैसे घालवण्यात फार अर्थ नाही. ए किरणांसाठी डबीवर पीए आणि पुढे अधिकाची चिन्हे आहेत ना, तेवढे पाहा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल एवढे, बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटे, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. कुंकवासारखे टिकलीभर लावून उपयोग नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम लावू नये, त्याला सावलीतच ठेवावे.

डोळ्यांचे नुकसान आणखी निमूटपणे होते. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे मांसल पडदा सरकू लागतो, इकडे त्याला नाखुना म्हणतात. शेतात, रस्त्यावर, धूळ-उन्हात काम करणाऱ्यांना तो अधिक होतो. मोतीबिंदू वयाने होतोच, पण मधुमेह, तंबाखू आणि वर्षानुवर्षांचे ऊन यांनी तो लवकर येतो. मुलांच्या डोळ्यातले भिंग जास्त नितळ असते, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांत किरण अधिक आत जातात. सूर्याकडे थेट बघणे तर केव्हाही नको. २२ जुलै २००९ च्या सकाळी खग्रास ग्रहणाचा पट्टा आपल्या इंदूरवरून गेला होता, हे अनेकांना आठवत असेल. ग्रहणात नुसत्या डोळ्यांनी बघू नका असे सांगतात, कारण डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजतो तेव्हा दुखत नाही, नंतर मध्यभागी काळा ठिपका दिसू लागतो.

पदपथावरचा स्वस्त काळा चष्मा हा न घातलेल्या चष्म्यापेक्षा वाईट ठरू शकतो. काच काळी असल्यामुळे बाहुली मोठी होते, आणि काचेत अतिनील रोखण्याची सोय नसेल तर उलट जास्त किरण आत जातात. काळेपणा पाहू नका, "यूव्ही ४००" असे लिहिले आहे का ते पाहा, आणि चष्म्याच्या चांगल्या दुकानात यंत्रावर तपासून घ्या. नंबरच्या पांढऱ्या चष्म्यालाही ही सोय करून मिळते. कडांनी झाकणारी मोठी चौकट आणि रुंद काठाची टोपी असेल तर उत्तम. जाता जाता एक: मंडपाचा लोखंडी सांगाडा जोडताना वेल्डिंगची ठिणगी बघत मुले उभी राहतात. तेही अतिनील किरणच. काही तासांनी रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि पाणी गळते. मुलांना तिथून हटवा.

आता कुणी विचारेल, मग ड जीवनसत्त्वाचे काय? रास्त प्रश्न आहे. ते बी किरणांमुळेच त्वचेत तयार होते. सकाळच्या अगदी कोवळ्या उन्हात हे किरण फार थोडे असतात, म्हणून पहाटेच्या सूर्यनमस्कारांनी व्यायाम होतो, ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. दहा-अकराच्या सुमारास, आठवड्यातून काही वेळा, वीसेक मिनिटे हात-पाय उघडे ठेवून आणि चेहरा-डोळे झाकून बसावे. हाडे दुखत असतील तर तपासणी करून डॉक्टर सांगतील ते औषध घ्यावे. ऊन शत्रू नाही, त्याचे माप हवे.

हे माप ज्यांच्या हातात नाही, त्यांच्याबद्दल बोलून आम्ही थांबणार आहोत. आपण फिरायची वेळ बदलू शकतो. चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड-कुरडया घालणाऱ्या वहिनी त्या सकाळी नऊच्या आत घालू शकतात. पण राजवाड्याजवळ हातगाडी लावणारा, चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, रस्ता झाडणाऱ्या ताई, मंडपाचे बांबू बांधणारी पोरे यांना वेळ निवडता येत नाही. हे शहर सातत्याने देशातले सर्वांत स्वच्छ म्हणून गौरवले जाते, ते ज्यांच्या कष्टावर, त्यांच्या डोळ्यांत नाखुना वाढत असेल तर तो गौरव आपल्याला कसा पचेल?

म्हणून मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. दर्शनाच्या रांगेवर सबंध कापडाचे छत असावे. मुलांच्या मैदानी स्पर्धा आणि ढोल-ताशाचा सराव सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर व्हावा. आणि पुढच्या वर्षीच्या सजावटीतून थोडे पैसे वाचवून मंडपाचे काम करणाऱ्यांना आणि आपल्या गल्लीतल्या सफाई कामगारांना रुंद काठाच्या टोप्या व यूव्ही ४०० चे चष्मे द्यावेत. घरी कामाला येणाऱ्या मावशींना एक चांगली छत्री द्यायला तर मंडळाच्या ठरावाचीही गरज नाही.

उद्या सकाळी लालबागेच्या फाटकातून बाहेर पडताना आपली सावली एकदा पाहा. ती आखूड झाली असेल तर टोपी घाला, आणि शेजारी चालणाऱ्यालाही सांगा.

 गणपती बाप्पा मोरया!