पूर्वपक्ष



१८५७ च्या उठावानंतर उत्तरेतून परागंदा झालेल्या विणकरांनी जेथे आपला मुक्काम केला, मागाहून तेलंगणातील पद्मशाली जेथे स्थिरावले, आणि यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाल्यावर आझमगढ-मऊपासून बिहारपर्यंतचे मजूर ज्याच्या गल्ल्यांत सामावत गेले, त्या भिवंडीत परप्रांतीय मुलांविषयी बोलताना, आपणांपैकी कित्येकांचे पणजेही कोठून तरी आलेलेच होते, याचे स्मरण ठेवूनच बोलले पाहिजे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने अशा मुलास वयानुरूप वर्गात बसण्याचा हक्क दिला, जन्मदाखल्याच्या सबबीवर त्यास परत धाडण्यास मनाई केली, आणि त्याचे नाव हजेरीपटावर चढले. परंतु नाव पुकारल्यावर ‘हजर’ एवढेच म्हणून जे मूल वर्षभर मौन धरते, ते शाळेत खऱ्या अर्थाने रुजू झाले, असे मी मानीत नाही.

काही वर्षांपूर्वी येथील एका मराठी शाळेत पाचवीच्या वर्गासमोर मी एक प्रश्न ठेवला: सूत व्यापाऱ्याचे, माग मालकाचा, हात कारागिराचे, मग कापड कोणाचे? नियम एकच होता. ज्याचे म्हणणे खोडावयाचे, त्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत मांडावे आणि त्याची संमती घ्यावी. दोन महिने तोंड न उघडलेला, आझमगढकडचा एक मुलगा मागच्या बाकावरून एकदम म्हणाला, “जिसकी मजूरी कटे, कपड़ा उसका.” कापडात दोष निघाला की बापाची मजुरी कापली जाते, हे त्याने घरी पाहिले होते. पुढच्या बाकावरची एक मुलगी विरोध करावयास उठली, पण नियमाप्रमाणे तिला आधी त्याचे बोलणे मराठीत सांगावे लागले: “तो म्हणतो, कापड बिघडलं की ज्याचे पैसे कापतात, त्याचं ते कापड. बरोबर?” मुलाने मान हलवली. “पैसे नहीं. मजूरी.” तिने शब्द बदलला, आणि मग विचारले, “तर मग चांगलं विणलेलं कापड कुणाचंच नाही का?”

त्या मुलाचे स्वागत आम्ही पहिल्याच दिवशी केले होते, त्याला वह्या-पुस्तकेही दिली होती; परंतु त्याचा मुद्दा खोडून काढण्याइतका महत्त्वाचा कोणाला वाटला, तो त्या दिवशी प्रथमच, आणि त्याच्या मुखावर जी टवटवी मी पाहिली ती त्या विरोधाची होती.

अमेरिकेत मॅथ्यू लिपमन यांनी मुलांसाठी तत्त्वचिंतनाची पद्धती सिद्ध केली आणि १९७४ मध्ये तिच्यासाठी संस्था स्थापिली. तिचा मी आदराने अभ्यास केला आहे. तथापि न्यायसूत्रांनी सत्यशोधनाचा वाद हा जयाकरिता केलेल्या जल्पापासून आणि केवळ खंडनाच्या वितंडेपासून निराळा काढला, आणि आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, मांडल्यावाचून सिद्धान्ताकडे वळावयाचे नाही असा दंडक घालून घेतला, ही पुंजी आपल्या घरचीच आहे. किंबहुना या गावानेही तिचा प्रत्यय घेतला आहे: १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारून परस्परांचे तोंड न पाहणाऱ्या शेजाऱ्यांना समोरासमोर बसविले, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. मोठ्यांना जे साधले ते लहानांपासूनच का आरंभू नये?

अशा वादासाठी माझी मागणी शाळेत आठवड्यास एका तासाची आहे. त्यास गुण नसावेत, परीक्षा नसावी, आणि मुलाने आपल्या घरच्या भाषेत बोलावे. ते मराठीत आणण्याचे काम ऐकणाऱ्याचे.

तो मुलगा होळीला ‘मुलूख’ला गेला, तो जूनमध्ये परतला नाही. शाळा उघडल्यावर ती मुलगी तीनदा माझ्याकडे येऊन गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे बाकी होते.