नंबर वन रेकॉर्ड



माझ्या सगळ्यात आवडत्या अल्बमचं नाव 'नंबर वन रेकॉर्ड'. 1972 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात बिग स्टार नावाच्या चौघांच्या बँडने तो काढला. गाणी मुख्यतः अ‍ॅलेक्स चिल्टन आणि क्रिस बेल यांची. समीक्षकांनी तोंडभरून कौतुक केलं, पण वितरणाचा असा घोळ झाला की रेकॉर्ड दुकानांत धड पोचलीच नाही.

या संगीताला पॉवर पॉप म्हणतात. हे नाव 1967 मध्ये 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंडने दिलं. गिटार दणकून वाजते, पण मान चालीचा, आणि गाणं तीनेक मिनिटांत आटोपतं. आपलं भावगीतही 78 फेऱ्यांच्या तबकडीवर याच मापात वाढलं. म्हणूनच असेल, मला हे संगीत पहिल्यापासून घरचं वाटलं.

आतेभावाने अमेरिकेहून ही सीडी आणली, तेव्हा मी कॉलेजात होते. आम्ही जयपूरला सी-स्कीममध्ये राहायचो, स्टॅच्यू सर्कलजवळ. मे महिन्याच्या दुपारी कूलरच्या घरघरीवर मात करत मी ती लावायची. त्यात चक्क 'द इंडिया साँग' नावाचं गाणं होतं, बेसवादक अँडी हमेलचं. त्यातला निवांत भारत कल्पनेतला. बाहेर भगवानदास रोडवर राजमंदिर थिएटरचा शो सुटला की रिक्षांची झुंबड उडायची. तरी ते गाणं मला कधी खोटं वाटलं नाही. दूरच्या माणसाची मनापासूनची ओढ होती ती.

जीव मात्र जडला 'थर्टीन'वर. अडीच मिनिटांचं गाणं. ड्रम नाहीत, साध्या गिटारी आणि चिल्टनचा कोवळा आवाज. त्याच्यामागे दुसरा सूर इतक्या हलक्या पावलांनी येतो की तो आहे हे दोन-तीनदा ऐकल्यावर कळतं. आणि एकदा कळला की त्याच्यावाचून गाणं ऐकवत नाही.

बेल 1978 च्या डिसेंबरात मोटार अपघातात गेला, अवघ्या 27 व्या वर्षी. पुढे आर.ई.एम.सारख्या बँडने या गाण्यांचं ऋण उघड मान्य केलं. ते बघायला तो नव्हता, याची मला आजही हळहळ वाटते.

मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मी मुलांची समूहगीतं बसवते. खणखणीत आवाजाचा पुढे, बाकीचे मागे, ही रीत मी 'थर्टीन'मधला तो मागचा सूर आठवून मोडली. ज्याचा आवाज मोठा, त्याला मी खालच्या सुरातली ओळ देते. आईवडील कधी रुसतात. मुलं मात्र आठवड्याभरात शेजारच्याचा सूर ऐकायला लागतात, आणि खालची ओळ आता स्वतःहून मागून घेतात.