आण्णा चुकीच्या दारात गेले



मघाशी बक्षिसं देताना मी प्रत्येक विद्यार्थ्याला हळूच विचारत होते, पुढे काय करणार? एक जण म्हणाला, सातपूरच्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लागतोय. एकीची एमपीएससीची तयारी चालू आहे. दोघी बी.एड. करून शाळेत शिकवणार आहेत. ऐकून फार बरं वाटलं. आणि त्याच वेळी ठरवलं की तयार करून आणलेलं भाषण पिशवीतच ठेवायचं.

गेली पंचवीस वर्षं मी नोकरीची प्रकरणं चालवते. नाशिकचं कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय आणि सरकारी नोकरांसाठी मुंबईचं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला आपण मॅट म्हणतो, ही माझी रोजची ठिकाणं. नोकरी कशी मिळवायची हे तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. नोकरी अडचणीत आली तर कुणाकडे जायचं आणि किती दिवसांत जायचं, हे मला माझ्या घरात फार महाग पडून कळलं. ते सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. एकोणीस वर्षांची नोकरी. एका शनिवारी दुपारी त्यांना ऑफिसात बोलावून समोर छापील कागद ठेवला. ‘सही करा, सोमवारी हिशोब घेऊन जा.’ आण्णा सातवी शिकलेले होते. वाचता येत होतं, पण समोर चार साहेब बसलेले असताना कागद वाचत उभं राहायची हिंमत नव्हती. त्यांनी सही केली. तो राजीनामा होता.

घरी आल्यावर त्यांनी ते चार महिने कुणाला सांगितलं नाही. रोज डबा घेऊन सायकलवर निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. डबा कुठे खात होते, ते मला अजून माहीत नाही. आईला कळलं तेव्हा तीच त्यांना ओळखीच्या एका वकिलांकडे घेऊन गेली. ते वकील भले गृहस्थ होते. सातबारा, वाटप, हद्दीचे वाद यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांनी आमच्याकडून फार फीसुद्धा घेतली नाही. फक्त त्यांनी आण्णांचा दावा दिवाणी न्यायालयात लावला. तिथे तो पाच वर्षं चालला आणि शेवटी उत्तर आलं की हा कामगार कायद्याचा वाद आहे, या न्यायालयाला तो ऐकण्याचा अधिकार नाही.

पाच वर्षं. तोवर माझा भाऊ शाळा सोडून गॅरेजला लागला होता आणि आई वीस माणसांचे डबे करत होती. पुढे योग्य ठिकाणी प्रकरण गेलं, तडजोड झाली, थोडे पैसे मिळाले. मी वकील झाले ते या घटनेमुळे. आमचे वकील वाईट नव्हते. कायद्याची इमारत मोठी आहे, तिला पुष्कळ दारं आहेत, आणि त्यांच्या सवयीचं दार वेगळं होतं. अनुभवी वकील म्हणजे पांढऱ्या केसांचा वकील असं आपण समजतो. माझ्या लेखी अनुभवी तो, जो तुमच्या नोकरीच्या दारातून रोज ये-जा करतो.

अप्रेंटिस होणाऱ्या मुला, तू हे ऐक. आपल्या राज्यात 1971 चा एक कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा. मालकाने अनुचित प्रथा अवलंबली तर तक्रार 90 दिवसांत करायची असते. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून न्यायालयाकडे माफी मागावी लागते. आण्णांचे चार महिने म्हणजे 120 दिवस. सायकलवरून डबा घेऊन फिरण्यात ते संपले होते.

याच कायद्याने काय होऊ शकतं याचं एक उदाहरण मी माझ्या ज्युनिअरना नेहमी सांगते. एसटीच्या गाड्या धुणारे, झाडणारे कामगार होते. कागदावर नैमित्तिक, प्रत्यक्षात वर्षानुवर्षं तेच काम. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने उमादेवी खटल्यात सांगितलं की, केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्याला उच्च न्यायालयाकडून कायमपद मागता येणार नाही. त्या निकालानंतर देशभरातल्या कंत्राटी माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. एसटीनेही तोच निकाल पुढे केला. पण या कामगारांची बाजू औद्योगिक न्यायालयात 1971 च्या कायद्याखाली मांडलेली होती. माणसाला कायमपणाचे लाभ मिळू नयेत म्हणून त्याला वर्षानुवर्षं नैमित्तिक ठेवणं ही त्या कायद्यात अनुचित प्रथाच आहे. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एसटी महामंडळ विरुद्ध कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना या खटल्यात सांगितलं की, जागा अस्तित्वात असतील आणि अनुचित प्रथा सिद्ध झाली असेल, तर औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवीच्या निकालाने गेलेला नाही. कामगार तेच आणि काम तेच. दार बरोबर होतं.

आता एमपीएससी करणारी मुलगी. तू अधिकारी होशील, आणि होऊ नये पण एखाद्या दिवशी तुझ्या हातात निलंबनाचा आदेश किंवा दोषारोपपत्र पडेल. पहिल्या रात्री झोप लागत नाही. त्या रात्री वरिष्ठांना लांबलचक भावनेचं पत्र लिहू नकोस. ते पत्र पुढे तुझ्याच विरुद्ध वाचून दाखवलं जातं, मी कितीदा पाहिलंय. विभागीय चौकशीत साधारणपणे सहकारी कर्मचाऱ्यालाच बचाव सहायक म्हणून घेता येतं. वकील हवा असेल तर परवानगी लागते. मुंबई पोर्ट ट्रस्टमधल्या नाडकर्णी नावाच्या कर्मचाऱ्याने अशीच परवानगी मागितली होती. समोर पोर्ट ट्रस्टचे कायदा अधिकारी बाजू मांडायला बसलेले, आणि याला मात्र वकील नाकारला. 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नैसर्गिक न्यायाला धरून नाही असं ठरवलं. पण ही मागणी वेळेवर आणि लेखी करावी लागते, आणि ती करायची असते हे सांगणारं कुणी तरी लागतं. मॅटमध्ये जायचं तर आधी खात्यातलं अपील करावं लागतं, आणि अंतिम आदेशानंतर एक वर्षाची मुदत असते.

बी.एड. करणाऱ्या मुलींनो, खासगी शाळेतून काढलं तर शाळा न्यायाधिकरणात अपिलाला 30 दिवस. तीसच. ‘संस्थाचालक परत बोलावतील, आमच्या गावचेच आहेत’ असं म्हणत बसलेल्या शिक्षिका माझ्याकडे पन्नासाव्या दिवशी आल्या आहेत.

त्यात 21 नोव्हेंबर 2025 पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. 29 जुने कायदे त्यांत गेले. नेमणूकपत्र प्रत्येकाला देणं आता बंधनकारक आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीत एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आला आहे. कोणतं प्रकरण जुन्या तरतुदीत बसतं आणि कोणतं नव्या, हे ठरवताना आम्हालाही पुस्तक उघडून बसावं लागतं. जो वकील हे पुस्तक उघडत नाही, त्याच्याकडे जाऊ नका.

मग वकील शोधायचा कसा? वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे मोठा फलक बघून काही कळत नाही. न्यायालय मात्र सगळ्यांसाठी उघडं असतं. एक सकाळ मागच्या बाकावर जाऊन बसा. कोण तयारी करून येतो, कोण नुसती तारीख मागतो, तासाभरात दिसतं. भेटायला जाल तेव्हा सरळ विचारा, ‘साहेब, अशी प्रकरणं तुम्ही चालवता का, आणि कुठल्या न्यायालयात?’ चांगल्या वकिलाला या प्रश्नाचा राग येत नाही. केस नक्की जिंकून देतो असं कुणी म्हणालं तर उठून या. मिळणाऱ्या रकमेतला हिस्सा फी म्हणून मागितला तरी उठून या, वकिलाला तशी फी ठरवायला नियमानेच बंदी आहे. दाखल केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्या. आणि जो वकील म्हणेल, ‘ताई, हे प्रकरण लढू नका, नोटिशीला चार ओळींचं उत्तर द्या आणि कामावर हजर राहा’, त्याचा पत्ता जपून ठेवा. माझ्या कामाच्या आयुष्यातले सर्वांत चांगले सल्ले हे असेच होते. त्यांतून खटला उभाच राहिला नाही.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आण्णा औद्योगिक कामगार होते, आई स्त्री होती. दोघांनाही हे कुणी सांगितलं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आपल्याकडे नाशिकमध्ये सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातच आहे, आणि अर्ज साधा असतो.

नोकरीच्या पहिल्या दिवसापासून घरात एक फाइल करा. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, आलेली प्रत्येक नोटीस आणि ती कोणत्या दिवशी हातात पडली याची नोंद. पाकीटसुद्धा टाकू नका, त्यावर टपालाचा शिक्का असतो.

आता तुमचं नाटक सुरू व्हायचंय, मागे मुलं मेकअप करून थांबली आहेत, त्यांचा वेळ घेत नाही. नाटक संपल्यावर मी अर्धा तास ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहे. तुमच्या घरात कुणी न वाचता सही केलेला कागद असेल, कुणाच्या वडिलांनी आलेली नोटीस आईला सांगितली नसेल, तर येऊन भेटा. मी फी घेणार नाही आणि प्रकरणही घेणार नाही, कुठल्या दारात जायचं तेवढं सांगेन. येताना तो कागद कोणत्या तारखेला मिळाला, ते मात्र घरी फोन करून विचारून या.