रणांगणातून रानात : जुन्या बंदुका आणि मृगाचे अभय

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



उत्तराध्ययन सूत्राच्या अठराव्या अध्ययनात कांपिल्य नगरीच्या संजय राजाची कथा आली आहे. चतुरंग सेनेसह, अश्वारूढ होऊन हा राजा केसर नावाच्या उद्यानात मृगयेला गेला. भयभीत झालेल्या हरणांचा पाठलाग करून त्याने त्यांचा वध केला. मारलेले हरिण जेथे पडले होते, तेथेच गर्दभाली नावाचे अनगार ध्यानस्थ बसले होते. त्यांना पाहताच राजा घोड्यावरून उतरला आणि त्याने क्षमायाचना केली. मुनी मौनात होते. त्या मौनाने राजा अधिकच भयग्रस्त झाला. तेव्हा मुनींनी त्याला अभय दिले आणि त्याच वेळी त्यानेही इतर जीवांना अभय देणारा व्हावे, असा उपदेश केला. राजाने राज्याचा त्याग करून दीक्षा घेतली.

हरणाचे भय राजाला उमगले, ते स्वतःला भय वाटल्यावर. या कथेचे मर्म येथेच आहे. सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथांचे लांछन हरिण आहे. भगवान नेमिनाथांनी विवाहाच्या वाटेवरून रथ माघारी वळवला, तो कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून. जैन मनाला हरिण म्हणजे अभयाची मूर्तिमंत याचना वाटते, ती यामुळेच. शिकार हे सप्तव्यसनांपैकी एक मानले गेले असून जैन कुटुंबातील बालक ते व्यसन जडण्यापूर्वीच त्यापासून दूर असते. साहजिकच, शिकारीचा विषय निघाला की श्रावक निश्चिंत होतो. हा दोष दुसऱ्यांचा, आपला नव्हे, असे त्यास वाटते.

परंतु आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'हिंसादान' हा एक आहे. परशू, तलवार, अग्नी, शस्त्रे इत्यादी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे हिंसादान. येथे प्रत्यक्ष वार करणाऱ्याचा विचार नसून, साधन पुरविणाऱ्याचा विचार आहे. गेल्या शतकातील लष्करी बंदुकांचा रणांगणापासून रानापर्यंतचा प्रवास या कसोटीवर पाहिला, तर श्रावकाची निश्चिंती फार काळ टिकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील राष्ट्रांनी नव्या पद्धतीच्या रायफली स्वीकारल्या. रशियाची मोसिन-नागांत १८९१ सालची, जर्मनीची माउझर १८९८ सालची. ब्रिटनची ली-एनफिल्ड त्याच काळातील, तर अमेरिकेची स्प्रिंगफिल्ड १९०३ सालची. हाताने बोल्ट मागेपुढे सरकवून एकेक गोळी भरायची, अशी त्यांची रचना. शेकडो मीटर अंतरावरील मनुष्याचा वेध घेण्यासाठी त्या घडविल्या गेल्या. दोन महायुद्धांच्या काळात त्यांची निर्मिती अफाट झाली. एकट्या मोसिन-नागांत जातीच्या सुमारे ३ कोटी ७० लाख, तर ली-एनफिल्ड जातीच्या सुमारे १ कोटी ७० लाख रायफली तयार झाल्याचे मानले जाते.

युद्ध संपले की सैनिक घरी परततो, जखमा भरून येतात, तह होतात. बंदूक मात्र तशीच उरते. उत्तम पोलाद आणि टणक लाकूड यांची ही वस्तू. तेलपाणी होत राहिले, तर शंभर वर्षांनंतरही ती पूर्वीइतक्याच अचूकपणे गोळी झाडते. बंदुकीला वार्धक्य नाही आणि पश्चात्तापही नाही. शासनाच्या दृष्टीने मात्र ती गोदामातील अडगळ ठरते आणि अडगळीला गिऱ्हाईक शोधले जाते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे गिऱ्हाईक प्रामुख्याने अमेरिकेत मिळाले. युरोपातील सरकारांनी मोडीत काढलेल्या रायफली व्यापाऱ्यांनी घाऊक भावाने घेतल्या आणि नियतकालिकांतील जाहिरातींद्वारे टपालाने घरपोच विकल्या. शिकारीसाठी खास बनविलेली नवी रायफल ज्याला परवडत नसे, असा कामगार किंवा शेतकरी ही स्वस्त लष्करी रायफल घेई, तिचा जड लाकडी दस्ता कापून हलका करी, वर दुर्बीण बसवी आणि शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा हंगाम खुला झाला की रानात जाई. अनेकांनी युद्धात हेच शस्त्र हाताळलेले होते. लक्ष्य तेवढे बदलले.

या बदलात एक गोष्ट विशेष चिंतनीय आहे. १८९० च्या दशकात कोलकात्याजवळील दमदम येथील शस्त्रागारात एक गोळी तयार झाली. शरीरात शिरताच ती पसरत असे व भयंकर जखम करीत असे. ती 'दमदम गोळी' या नावाने कुप्रसिद्ध झाली. अशा पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असे १८९९ साली हेग येथील परिषदेत घोषित झाले. म्हणूनच लष्करी गोळीवर धातूचे पूर्ण कवच असते व ती बहुधा आरपार निघून जाते. परंतु तीच रायफल हरणावर रोखली, की नियम उलटा होतो. आरपार जाणाऱ्या गोळीने हरिण तत्काळ मरत नाही. घायाळ होऊन दूरवर पळते आणि तडफडत प्राण सोडते. यास्तव अमेरिकेतील अनेक राज्यांत हरणासाठी पसरणारी गोळीच वापरण्याचा दंडक आहे. हा दंडक करणाऱ्यांचा हेतू क्रौर्याचा नाही. मरणयातना कमी व्हाव्यात, हाच आहे. तरीही माणसावर झाडण्यास अमानुष ठरलेली गोळी हरणाच्या बाबतीत दयेची ठरावी, यातच मृगयेचे अंगभूत वैगुण्य प्रकट होते. जेथे वध हाच हेतू आहे, तेथे करुणा फार तर वधाचा अवधी कमी करू शकते.

शस्त्र एकदा हातातून सुटले, की ते कोणत्या हाती जाईल यावर देणाऱ्याचे नियंत्रण राहत नाही. इटलीच्या सैन्याची १९४० साली बनलेली एक कारकानो रायफल अशीच टपालाने, खोट्या नावाने मागविली गेली. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या याच रायफलीने झाली. अमेरिकेत १९६८ साली कायदा झाला. टपालाने बंदुका विकण्यावर आणि जुन्या लष्करी बंदुकांच्या आयातीवर कठोर निर्बंध आले. पुढे १९८० च्या दशकात जुन्या ऐतिहासिक वस्तू या नावाखाली आयातीची वाट काही अंशी मोकळी झाली आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाल्यावर तेथील गोदामांतील मोसिन-नागांत रायफली अल्प किमतीत अमेरिकेतील दुकानांत येऊन पडल्या. विकणाऱ्याने कोणाचाही वध केला नव्हता. त्याने केवळ माल विकला होता. हिंसादानाची व्याख्या नेमकी याच ठिकाणी लागू पडते.

सत्यशोधकाने दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अन्यथा अनेकांताचा उच्चार व्यर्थ होय. अनिर्बंध व्यापारी शिकारीमुळे १९०० च्या सुमारास अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीची हरणे घटून अंदाजे ५ लाखांवर आली होती. त्यानंतर तेथे शिकारीचे हंगाम ठरले, संख्येच्या मर्यादा आल्या. १९३७ साली झालेल्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये रायफली व काडतुसांवरील कराची रक्कम वन्यजीवांच्या संवर्धनासाठी राखून ठेवली गेली. या कराला शिकाऱ्यांनीच पाठिंबा दिला होता. आज तेथे हरणांची संख्या सुमारे ३ कोटींच्या घरात असल्याचे सांगितले जाते. ज्यांनी हरणे मारली, त्यांच्याच पैशाने हरणे वाढली, हे नाकारता येत नाही. मात्र या घटनेतून बंदुकीची थोरवी सिद्ध होत नाही. सिद्ध होते ती संयमाची. रायफली १९०० पूर्वीही होत्या आणि १९३७ नंतरही राहिल्या. मधल्या काळात बदलला तो हात. तो आवरला गेला. उद्या मारता यावे म्हणून आज आवरलेला हात हा अहिंसेचा आदर्श नव्हे. तरी अर्ध्या संयमानेही एवढा जीव वाचतो, तर पूर्ण संयमाचे सामर्थ्य किती असेल, याचे अनुमान त्यावरून करता येते.

भारतातही याच बंदुकीची एक शाखा रुजली. ली-एनफिल्डची लष्करी .३०३ काडतुसे नागरिकांच्या हाती पडू नयेत म्हणून ब्रिटिश राजवटीत तो बोअर नागरिकांना निषिद्ध होता. तेव्हा त्याच यंत्रणेवर .३१५ बोअरची शिकारी रायफल बनविण्यात आली. पुढे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यातही तिची निर्मिती होत राहिली. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत परवान्याच्या बंदुका, युद्धातून उरलेल्या जीप आणि रात्री डोळे दिपविणारे दिवे यांनी माळरानावरील काळविटांची अपरिमित हानी केली. शास्त्रीयदृष्ट्या काळवीट हे कुरंग कुलातील असले, तरी लोकभाषेत ते हरिणच. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवाने कायमचे बंद झाले. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. अहिल्यानगर जिल्ह्यातील त्या अवघ्या दोन-सव्वादोन चौरस किलोमीटरच्या माळावर आज काळवीट निर्भयपणे चरताना दिसतात. 'अभयारण्य' हा शब्द शासनाचा खरा. पण त्यातील 'अभय' गर्दभाली मुनींच्या उपदेशातलेच आहे.

तथापि, शेतकऱ्याचे दुःख दुर्लक्षून अभयाची चर्चा पूर्ण होत नाही. विदर्भात रोही आणि रानडुकरे उभे पीक उद्ध्वस्त करतात. बिहारमध्ये २०१५ साली केंद्र शासनाने रोह्यांना काही जिल्ह्यांत उपद्रवी घोषित केले आणि २०१६ मध्ये मोकामा येथे बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज तर बहुतांशी शेतकरीच आहे. रात्रभर जागून रान राखणे म्हणजे काय, हे त्यास कोणी सांगावयास नको. श्रावकाचारात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार भेद केले आहेत, ते जीवनाची ही अडचण जाणूनच. गृहस्थाकडून अपेक्षित पूर्ण त्याग आहे तो संकल्पी हिंसेचा. पिकाच्या रक्षणाच्या नावाखाली बंदुकीची हौस भागविणे मात्र विरोधी हिंसेत बसत नाही. कुंपण, राखण आणि नुकसानभरपाई हे उपाय संपल्याशिवाय बंदुकीचे नाव काढू नये. आणि हे उपाय महाग आहेत, म्हणून त्यांचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकू नये. अभय हवे असे शहरातील श्रावकाला वाटत असेल, तर त्या अभयाचे मोल देण्यातही त्याने सहभागी व्हावे. कुंपणासाठी दिलेले दान हे अभयदानच होय.

आता प्रश्न उरतो तो घरातील हिंसादानाचा. अनेक जुन्या पाटील-इनामदार घराण्यांत, त्यांत जैन घराणीही आली, दिवाणखान्याच्या भिंतीवर आजोबांची बंदूक टांगलेली असे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगण्याची मुभा राहिली आणि अधिकची शस्त्रे जमा करण्याचा प्रसंग अनेक घरांवर आला. ती विकून पैसे करावेत, की कायदेशीर मार्गाने शासनाकडे सुपूर्द करून तिचा प्रवास तेथेच थांबवावा? विकलेली बंदूक पुन्हा कोणाच्या तरी हाती जाणार, हे दोन महायुद्धांनंतरच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. हाच प्रश्न व्यापारात आहे, गोदाम भाड्याने देण्यात आहे, समभागांत पैसा गुंतविण्यात आहे. नफ्याचा आकडा पाहताना तो कशाच्या विक्रीतून आला, हे विचारण्याची सवय श्रावकाने लावून घेतली पाहिजे. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा निषेध करणाऱ्या पूर्वाचार्यांना हे विचारणे अपेक्षितच होते.

संजय राजाची कथा सर्वांस ठाऊक असते. तिच्यातील एक बारकावा मात्र सहसा लक्षात राहत नाही. राजा एकटा मृगयेला गेला नव्हता. त्याच्याबरोबर चतुरंग सेना होती, घोडे होते, शस्त्रे घडविणारे आणि वाहणारे होते. पश्चात्ताप एकट्या राजाला झाला. त्याच्या मागे उभ्या असलेल्यांचे काय झाले, हे सूत्र सांगत नाही. ज्याने कधी बाण सोडला नाही, बंदूक झाडली नाही, त्या प्रत्येक श्रावकाने आपण त्या मागच्या रांगेत तर उभे नाही ना, एवढे मात्र स्वतःला अवश्य विचारावे.

सर्व जीवांना अभय लाभो. जय जिनेंद्र.