खोडदला ऐकू आलेला मंगळ



नारायणगावकरांना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची ओळख करून देण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. ४५ मीटर व्यासाच्या त्या ३० डिश तुमच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. चौदा खोडदला जवळजवळ, सोळा तीन दिशांना लांबवर पांगलेल्या. मी बोलणार आहे ते १९ ऑक्टोबर २०१६च्या संध्याकाळबद्दल.

त्या दिवशी युरोपचं ‘स्कियापरेली’ यान मंगळावर उतरत होतं. मंगळाभोवती फिरणारी यानं त्याचा संदेश टिपून ठेवणार होती, पण तो इकडे धाडणार मागाहून. उतरणं चालू असतानाच ऐकायचं, तर पृथ्वीवरच मोठा कान हवा होता. मंगळ तेव्हा आपल्या आकाशात होता आणि काम खोडदकडे आलं. सोबतीला नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची मंडळी होती.

यानाचा ट्रान्समीटर जेमतेम काही वॅटचा. तो बनवलेला डोक्यावरून जाणाऱ्या यानाशी बोलण्यासाठी, आणि इथे अंतर साडेसतरा कोटी किलोमीटर! संदेश पोचायलाच पावणेदहा मिनिटं. इतक्या क्षीण आवाजातले शब्द कळत नाहीत, कळते ती फक्त पट्टी. यानाचा वेग बदलला की ही पट्टी सरकते. पॅराशूट उघडल्याचं खोडदला कळलं ते असं, निव्वळ पट्टीवरून. मग रात्री साडेआठच्या सुमारास, उतरायला मिनिटभरही उरलं नसताना, संदेश थांबला.

का थांबला, हे मात्र खोडदला कळणं शक्य नव्हतं. ते कळलं स्कियापरेलीला मंगळापर्यंत घेऊन आलेल्या मातृयानाने साठवलेल्या माहितीतून. पॅराशूट उघडल्यावर यान असं हेलकावलं, की फिरण्याची गती मोजणारं उपकरण सेकंदभर कमाल आकड्यावर अडकून राहिलं. त्यावरून संगणकाने हिशेब मांडला आणि उंची आली शून्याच्या खाली! आपण पोचलो, असं समजून यानाने पॅराशूट सोडलं, इंजिनं चालू करून लगेच बंदही केली. प्रत्यक्षात जमीन ३.७ किलोमीटर खाली होती. दुसऱ्याच दिवशी नासाच्या मंगळ-उपग्रहाने वरून घेतलेल्या छायाचित्रात काळा डाग दिसला.

म्हणून ‘आता उपग्रह असताना जमिनीवर दुर्बिणी कशाला?’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. क्ष-किरण आपली हवा अडवते, तेव्हा ‘अॅस्ट्रोसॅट’ या उपग्रहाला २०१५ साली साडेसहाशे किलोमीटर वर जावंच लागलं. रेडिओलहरी जुन्नरच्या द्राक्षबागांपर्यंत सुखरूप येतात. त्यांना त्रास होतो तो इथे आल्यावर, आपल्या मोबाइलचा आणि यंत्रांमधल्या ठिणग्यांचा. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी ही जागा निवडली, त्यामागच्या कारणांत शहरांचा गोंगाट अडवणारे आपले डोंगरही होते. पर्यटनाच्या फलकांवर शिवनेरी, लेण्याद्री असतात. डोंगरांचं हे काम कुणी लिहीत नाही.

स्कियापरेली गेलं, पण मातृयान त्याच संध्याकाळी ठरल्याप्रमाणे कक्षेत शिरलं. पुढे नासाच्या गाड्यांनी मंगळावरून जी माहिती पाठवली, तिचा मोठा वाटा हेच यान पृथ्वीवर पोचवत आलं आहे.