ताळेबंद वाचणारे आणि भांडवल घालणारे



या व्यासपीठावर विद्वान माणसे येऊन गेली. मी सातवीनंतर शाळा सोडलेला, कारखान्यात वाढलेला माणूस. असा माणूस शेअरबाजारावर काय बोलणार, असे काहींच्या मनात आले असेल. तेव्हा त्याचे कारण प्रथम सांगतो.

गेल्या वर्षी माझा एक जुना सहकारी घरी आला. त्याची मुलगी मुंबईत एका दलाली पेढीत समभागांचे संशोधन करते. ती नोकरी सोडून नव्या तंत्रउद्योगांत पैसे घालणाऱ्या संस्थेत जायचे तिने ठरवले होते. तो म्हणाला, "भाऊ, पोरगी हिशेबाचे काम सोडून जुगाराला निघाली. तुम्ही तिला समजवा." दुसऱ्याला समजवण्याआधी आपण समजून घ्यावे, म्हणून मी वाचायला बसलो.

ताळेबंद मला अगदीच परका नव्हता. तरुणपणी बोनसच्या वाटाघाटीत मालकपक्षाने एक छापील पत्रक पुढे सरकवले आणि तोटा दाखवला. आम्ही कायद्यातल्या किमान ८.३३ टक्क्यांवर सही करून मुकाट्याने उठलो. पुढे नगरवाचनालयात शब्दकोश घेऊन तेच पत्रक मी महिनाभर वाचले, तेव्हा कळले की तोट्याचा मोठा भाग म्हणजे त्या वर्षी वाढवून धरलेला घसारा होता. समभाग-संशोधकाचे काम हेच. आकड्यांमागचा व्यवहार ओळखायचा आणि समभाग घ्यावा की विकावा, ते लिहायचे.

या कामाला कीडही लागते. अमेरिकेत २००० च्या आधी तंत्रकंपन्यांचे भाव आभाळाला टेकले होते. काही नामांकित पेढ्यांचे संशोधक ज्या समभागांची जाहीर स्तुती करत, त्यांचीच खासगी पत्रांत टवाळी करत. कारण त्याच कंपन्यांचे समभाग बाजारात आणण्याची दलाली त्यांच्या पेढीला हवी असे. २००३ मध्ये अशा दहा पेढ्यांना मिळून सुमारे १४० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. म्हणजे हिशेबाचे काम म्हणून ते आपोआप सचोटीचे, असे नाही.

आता दुसरी बाजू. बिल गर्ली हा टेक्सासचा माणूस. प्रथम संगणक-अभियंता, मग वॉल स्ट्रीटवर समभाग-संशोधक. १९९७ च्या मे महिन्यात अ‍ॅमेझॉनचे समभाग प्रथम विक्रीला आले, तेव्हा ते आणणाऱ्या पेढीचा प्रमुख विश्लेषक तोच होता. अ‍ॅमेझॉनची आदल्या वर्षाची विक्री सुमारे १ कोटी ५७ लाख डॉलर, आणि तोटा सुमारे ५८ लाख! नुसता जुना ताळेबंद पाहणाऱ्याने ते पुस्तक तिथेच मिटले असते. उद्या काय होऊ शकेल हेही वाचावे लागते, हे गर्लीला उमगले होते. पुढे तो साहसभांडवलाच्या धंद्यात गेला आणि १९९९ मध्ये बेंचमार्क या संस्थेत भागीदार झाला.

दोन कामांत फरक आहे तो असा. संशोधक फळाला आलेली बाग पाहून भाव सांगतो. चुकला, तर ग्राहक दुसऱ्या दिवशी समभाग विकून मोकळा होतो. साहसभांडवलवाला कोय लावतो. त्याचा पैसा सात-दहा वर्षे अडकतो, बहुतेक कोया कुजतात, आणि एखाद्याच झाडाने सगळ्यांची भरपाई करायची असते. शिवाय तो संचालक मंडळावर बसतो. काल दुरून मत देणारा आज भागीदार होतो. याला मी जुगार म्हणणार नाही. जुगारी पत्त्यांना खतपाणी घालत नाही.

पण भागीदारीबरोबर जबाबदारी येते, आणि इथे माझ्यातला कामगार जागा होतो. २०११ मध्ये बेंचमार्कने उबरमध्ये पैसा घातला आणि गर्ली संचालक झाला. २०१७ च्या जून महिन्यात बेंचमार्कसह बड्या भांडवलदारांनी दबाव आणला, तेव्हा उबरच्या संस्थापक-प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. भांडवलाच्या शब्दाला एवढे वजन! आणि चालकांच्या शब्दाला? चालक म्हणजे स्वतंत्र धंदेवाले, असे कंपनी म्हणे. ब्रिटनच्या कामगार न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये चालकांच्या बाजूने निकाल दिला; कंपनी अपिलांवर अपिले करत गेली; किमान वेतन आणि भरपगारी रजा हा त्यांचा हक्क आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला.

मी त्या मुलीला भेटलो. म्हटले, "बाळ, जरूर जा. पण कंपनी तपासताना एक प्रश्न विचारत जा. हिचा नफा नव्या युक्तीतून येणार आहे, की कुणाच्या न दिलेल्या मजुरीतून?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "काका, आमच्या टिपणात तो रकानाच नसतो." मी म्हटले, "आमच्या बोनसच्या पत्रकातही घसाऱ्याचा खुलासा नव्हता. आम्ही मागू लागलो, तेव्हा तो मिळू लागला."

ती त्या नोकरीवर रुजू झाली. तिच्या बापाला मी आता एवढेच सांगतो की, पोरीची काळजी करण्यापेक्षा तिच्याकडून ताळेबंद वाचायला शीक. ज्यांच्या घामावर भांडवल वाढते त्यांना भांडवलाची भाषा येत नसेल, तर त्यांच्या वतीने दुसराच कुणीतरी बोलतो, आणि तो आपल्या बाजूने बोलेलच असे नाही.